पाऊस न थांबवणारा जादूगार

एक गुरू आणि त्याचा तेरा वर्षांचा शिष्य डोंगरवाटेने चालले आहेत. पाऊस लागतो. अशा वेळी गावोगावचे किरकोळ मांत्रिकसुद्धा डोक्यावरचा ढग दुसऱ्याच्या शेताकडे पिटाळतात. मग ज्याने एकदा भूकंप शमवला असे लोक सांगतात, तो ओगिअन मुकाट्याने का भिजतो आहे, हे पोराला कळत नाही. ओगिअन एका दाट झाडाखाली आडवा होऊन शांत झोपी जातो आणि पोरगा ठिबकणाऱ्या झुडपांत रात्रभर धुसफुसत बसतो. उर्सुला ल ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या १९६८ साली आलेल्या कुमार कादंबरीतला हा सुरुवातीचा प्रसंग मी पहिल्या वाचनात भरभर उलटला होता, कारण त्या पोराइतकीच मलाही जादू पाहण्याची घाई झाली होती. या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याबरोबर पुस्तक पुन्हा वाचताना मात्र मी तिथे बराच वेळ थांबले.

कथा थोडक्यात अशी. गाँट बेटावरचा, शेळ्या राखणारा एक आईवेगळा मुलगा मावशीकडून चार मंत्र शिकतो, धुक्याच्या साहाय्याने गाव वाचवतो, ओगिअनचा शिष्य होतो आणि त्याच्या संथपणाला कंटाळून रोक बेटावरच्या जादूच्या विद्यापीठात जातो. तिथे एका सहाध्यायाने डिवचल्यावर, केवळ आपण किती मोठे आहोत हे दाखवण्यासाठी, तो मृताला हाक मारतो. हवेला पडलेल्या त्या भेगेतून एक सावली बाहेर उडी घेते आणि त्याचा चेहरा ओरबाडते. ती भेग बुजवताना तिथल्या वृद्ध महागुरूंचे प्राण जातात. पुढचे सगळे पुस्तक म्हणजे ती सावली आणि हा मुलगा यांचा पाठलाग आहे; कोण कोणाच्या मागे आहे, ते मध्येच उलटते.

या जगातली जादू नावांवर चालते. प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक माणसाला एक खरे नाव असते, आणि ज्याला ते ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता. म्हणून लोक हाकेला वेगळे नाव ठेवतात. आमच्या नायकाला सगळे 'ससाणा' म्हणतात. 'गेड' हे त्याचे खरे नाव ओगिअनने नदीच्या थंडगार पाण्यातून चालवून त्याला दिलेले असते. इंग्रजी वाचकाला ही कल्पना नवलाची वाटत असेल, मला ती घरातली वाटली. पत्रिकेवरून निघालेले माझे नावरस नाव मला थेट लग्न ठरताना कळले, तोवर ते कोणी उच्चारलेच नव्हते. रेशनच्या दुकानात आजोबांचे नाव विचारले की आजी शेजारणीकडे पाहत असे आणि शेजारीण ते सांगत असे. त्यामुळेच महागुरूंच्या मृत्यूनंतर खचलेल्या गेडला निरोप देताना त्याचा मित्र व्हेच न मागता स्वतःचे खरे नाव सांगून टाकतो, तेव्हा त्याने मित्राच्या हाती काय सोपवले आहे, हे मला वेगळे समजावून घ्यावे लागले नाही.

या कादंबरीचे मोठेपण मला दिसते ते तिच्यात खलनायक नाही यात. जगावर राज्य करू पाहणारा कोणी काळा सम्राट नाही, शेवटी सैन्ये भिडत नाहीत. ड्रॅगन आहे, परंतु त्याचा प्रसंगसुद्धा लढाईपेक्षा सौद्याचा आहे. सावलीचे नाव सांगण्याची लालूच तो गेडला दाखवतो आणि गेड ती नाकारून, ज्या गरीब बेटांनी त्याला नेमले आहे त्यांच्याकडे ड्रॅगनने कधीही फिरकू नये एवढेच वचन घेतो. स्वतःच्या जिवावर बेतलेले असताना नोकरीचे काम आधी करणारा नायक कुमारसाहित्यात विरळा.

त्याआधीचा होड्या बांधणाऱ्याच्या मुलाचा प्रसंग मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो. तापाने जाणाऱ्या त्या लहानग्याला परत आणण्यासाठी गेड, शिकवणुकीविरुद्ध, त्याच्यामागे मृतांच्या प्रदेशाच्या अंधाऱ्या उतारावर जातो. मूल हाती लागत नाही. परतताना दगडांची एक बुटकी भिंत लागते आणि तिच्या पलीकडे, जिवंतांच्या बाजूला, सावली उभी असते. इकडे झोपडीत त्याचे शरीर प्रेतवत पडलेले आहे, लोकांनी आशा सोडली आहे. त्याला भानावर आणतो तो कोणताही मंत्र नव्हे, तर त्याने पाळलेला ओटाक नावाचा छोटासा रानटी प्राणी. तो त्याचे हात, मनगटे आणि कपाळ चाटत राहतो.

आणखी एक गोष्ट लेखिका गाजावाजा न करता करते. गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, व्हेच चांगला काळा, आणि गोरे आहेत ते गावावर चालून येणारे कार्ग लुटारू. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या या मुलीने १९६८ साली हे मुद्दाम केले होते. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत गेड गोरा दाखवला, तेव्हा त्यांनी जाहीर लेख लिहून त्याचा निषेध केला.

तक्रारीही आहेत. संवाद कमी आहेत, निवेदन बखरीसारखे वरून वाहते आणि कित्येक महिने एका परिच्छेदात संपतात; सवय नसलेला मुलगा पहिल्या पन्नास पानांत पुस्तक मिटू शकतो. याहून मोठी तक्रार बायकांबद्दल आहे. रोकमध्ये मुलींना प्रवेश नाही, बायकांची जादू कमकुवत आणि दुष्ट अशा म्हणी गाँटमध्ये प्रचलित आहेत, आणि ओस्किल बेटावरच्या गढीतली सुंदर सेरेट येते ती मोहात पाडण्यापुरती. ज्या मावशीने गेडला पहिला शब्द शिकवला ती भोंदू आणि अडाणी, हे वाचताना मला राग आला. ल ग्विन यांना हे पुढे स्वतःलाच खुपले असावे, कारण १९९० च्या 'तेहानू'त त्या गाँट बेटावर परतल्या आणि त्यांनी कथा एका मध्यमवयीन विधवेच्या आणि भाजलेल्या मुलीच्या हाती दिली. ती कादंबरी कुमारांची राहिलेली नाही, आणि भाच्याला मी ती इतक्यात देणार नाही.

भाच्याला सावलीची भीती वाटली नाही, ड्रॅगन त्याला आवडला. परंतु ओस्किलच्या गढीतून पळताना गेडला बर्फाळ गवतावर ओटाकचे ताठरलेले, रक्ताळलेले कलेवर सापडते, तिथे त्याने पुस्तक मिटले. लेखिकेने त्या मृत्यूला मोजकीच वाक्ये दिली आहेत, कारण मागे शत्रू आहेत आणि गेडला थांबायला वेळ नाही. भाच्याला ते मान्य नव्हते. "निदान पुरायला तरी हवं होतं," एवढे बोलून तो गच्चीवर निघून गेला आणि दोन दिवस त्याने पुस्तकाला हात लावला नाही.