‘रात्री उठावं लागतं का?’

मी एसटीत वाहक आहे. चोपडा-जळगाव फेऱ्या करतो. या नोकरीत पोटाची तक्रार लपवता येत नाही. अडावद सुटलं आणि कळ आली, की धानोरा येईपर्यंत हातातल्या तिकीट मशीनवरचे आकडेही धड दिसत नाहीत. पोटात मुरडा, संडासची घाई, जाऊन आलं तरी साफ झालं नाही असं वाटणं. हे कितीतरी महिने चाललं होतं. माझ्या गाडीवरच्या चालकभाऊंचंही तेच रडगाणं. "पोटमा गुडगुड व्हस भो, ड्युटीवर निघताना तर जास्तच," असं ते म्हणायचे. आमच्याकडे शेवभाजी, ठेचा आणि वर तर्री असल्यावर दोघांनाही एकच सल्ला फुकट मिळायचा: तिखट सोडा.

मग मला रक्त दिसलं. आत्या म्हणाली, मूळव्याध आहे, सुरण खा. आमच्याकडे रक्त म्हणजे मूळव्याधच, दुसरं काही नसतं! मी सुरण खाल्लं नाही, गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोटाने तपासलं. मोड नव्हते, चीरही नव्हती. शौचाच्या तपासणीत आवेचे जंतू सापडले नाहीत. हिमोग्लोबिन मात्र कमी होतं. त्यांनी जळगावच्या पोटविकार तज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. सोबतीला चालकभाऊ आले आणि आलोच आहोत तर म्हणून त्यांनीही केसपेपर काढून घेतला.

तज्ज्ञांनी पोटाला हात लावायच्या आधी प्रश्नच प्रश्न विचारले. समोर भिंतीवर ब्रिस्टल तक्ता होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या तक्त्यात शौचाचे सात प्रकार काढलेले आहेत. पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा, सातवा नुसतं पाणी. त्यावर बोट ठेवून सांगायचं. लाज वाटली, पण ‘पोट बिघडतं’ म्हणण्यापेक्षा ते सोपं गेलं. रक्त शेवटी थेंब थेंब पडतं की शौचात मिसळून येतं? सोबत चिकट आव पडते का? जाताना कापल्यासारखं दुखतं का? शौच कधी डांबरासारखं काळं झालं का? वजन उतरलं का? ताप येतो का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? आणि रात्री झोपेतून उठावं लागतं का?

त्यांनी एकेका प्रश्नामागचं कारणही सांगितलं. मूळव्याधीचं रक्त लालभडक आणि बहुधा न दुखता पडतं, चीर असेल तर जाताना जीव जातो. डांबरासारखं काळं, चिकट शौच म्हणजे वर जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव असू शकतो. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं. माझं रक्त आवेत मिसळलेलं होतं आणि मी रात्री उठत होतो. चालकभाऊ रात्री ढाराढूर झोपत. त्यांना कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ, दुखणं संडासला गेल्यावर हलकं होणारं. वजन जागच्या जागी, रक्त नाही. त्यांच्या रक्ताच्या साध्या तपासण्या चांगल्या आल्या आणि निदान झालं आयबीएस, म्हणजे आतड्याला सूज किंवा जखम नसताना होणारा पोटाचा त्रास. तो ओळखायला डॉक्टरांचे रोम निकष आहेत. सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला त्रास, गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस दुखणं, आणि त्या दुखण्याचा शौचाला जाण्याशी, त्याच्या वेळांशी आणि स्वरूपाशी, या तिन्हींपैकी किमान दोहोंशी संबंध.

माझं रक्त आणि रात्रीचं उठणं बघून मला मात्र कॅलप्रोटेक्टिन तपासणी सांगितली. आतड्याला सूज असेल तर शौचात हे प्रथिन वाढतं. माझं बरंच वाढलेलं निघालं. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं. काळ हिवाळ्याचा, शेतोशेती बामणोदच्या वांग्यांच्या भरीत पार्ट्या चाललेल्या, आणि डॉक्टरांनी आधीचे काही दिवस बिया, साली, पालेभाज्या बंद केल्या. वांग्यात बियाच बिया! पांढरा भात आणि पातळ वरण. आदल्या संध्याकाळपासून पावडर कालवलेलं खारट-गोड पाणी पेल्यामागून पेला प्यायचं. तपासणीपेक्षा हेच जास्त जड गेलं. पिवळसर, स्वच्छ पाणी पडेपर्यंत संडासच्या दारातच बसून होतो. तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन दिलं, त्यामुळे काही कळलं नाही. त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नसते, सोबत माणूस लागतो.

गुदाशयापासून डाव्या बाजूपर्यंत सलग सूज होती. आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासले. निदान झालं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होणारा, दीर्घकाळ चालणारा आजार. सूज मध्ये मध्ये जागा सोडून असती तर क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजाराचा संशय आला असता, आणि आपल्याकडे तशा वेळी आतड्याचा टीबी नाही ना, हेही बघावं लागतं, कारण दोन्ही दिसायला सारखे.

औषध मेसालामाइन, आतड्याची सूज उतरवणारं. गोळ्या आणि खालून घ्यायचा एनिमा. एनिमाचं ऐकून कपाळाला हात लावला होता, पण खालच्या भागातल्या सुजेला तो चांगला लागू पडतो आणि मला पडला. त्रास थांबला तरी गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि अंगदुखीवर मेडिकलमधून दिसेल ती वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. तिने आजार उफाळू शकतो. चालकभाऊंना इसबगोल आणि जेवणाच्या ठरलेल्या वेळा. दूध त्यांना बाधतं असं वहीत टिपल्यावर कळलं, आता चहा कोराच. मी मात्र दुधाचाच पितो, आणि ठेचाही थोडा चालतो. आजार सुरू होऊन आठेक वर्षं झाली की कॅन्सर तर होत नाही ना हे बघायला कोलोनोस्कोपी पुन्हा सुरू करावी लागेल, असं फाइलवर लिहून दिलंय.