सिते शाप्तालची गल्ली : एमान्युएल लाबोरीच्या रंगभूमीच्या शोधात

पॅरिसला जायचे ठरले, तेव्हा आमच्या ताईने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने, एका कागदावर दोन पत्ते लिहून माझ्या हातात दिले आणि बाकीचे शहर तू ठरवशील तसे पाहू, असे सांगितले. ताई जन्मापासून कर्णबधिर आहे. लहानपणी ती ज्या निवासी शाळेत होती तिथे वर्गात हात मांडीखाली दाबून बसावे लागे आणि खुणा करताना कोणी दिसले की छडी मिळे. त्यामुळे ती आणि तिच्या मैत्रिणी आपली भाषा शिकल्या त्या रात्री, वसतिगृहाच्या खिडकीतून आत येणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात. काही वर्षांपूर्वी तिने एमान्युएल लाबोरी या फ्रेंच कर्णबधिर अभिनेत्रीच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर वाचले आणि तेव्हापासून ते पुस्तक तिच्या उशाशी आहे. कागदावरचे दोन्ही पत्ते लाबोरीच्या आयुष्यातले होते. तिसरा मी जोडला आणि तिथूनच सुरुवात केली.

लक्झेंबर्ग बागेच्या दक्षिणेला, र्यू सें-जाकवर, कर्णबधिर मुलांची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या आवारात आबे द लेपे या धर्मगुरूंचा पुतळा आहे. अठराव्या शतकात या गृहस्थांनी गरीब कर्णबधिर मुलांना आपल्या घरी जमवून शिकवायला सुरुवात केली आणि त्यासाठी मुलांच्या हातांत असलेल्या खुणांनाच शिक्षणाचा आधार मानले. १७८९ मध्ये ते वारले आणि त्यांच्या कामातून ही संस्था उभी राहिली. पुतळा घडवणारे फेलिक्स मार्तें हे शिल्पकार स्वतः कर्णबधिर होते. हे मी ताईला सांगितले, तेव्हा ती पुतळ्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हातांकडेच बराच वेळ पाहत राहिली.

याच संस्थेतले लोराँ क्लेर्क हे कर्णबधिर शिक्षक १८१६ मध्ये जहाजाने अमेरिकेला गेले आणि पुढच्याच वर्षी हार्टफर्ड येथे तिथली पहिली कायमस्वरूपी शाळा सुरू झाली. अमेरिकी सांकेतिक भाषेत फ्रेंच खुणांचा इतका मोठा वाटा आहे, तो त्यांच्यामुळे. त्यानंतर मात्र १८८० मध्ये मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि शाळांमध्ये केवळ तोंडी बोलण्याचीच पद्धत वापरावी, असा ठराव तिथे झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. ज्या फ्रान्सने ही भाषा जगाला दिली, त्याच फ्रान्सच्या वर्गांतून ती पुढची शंभर वर्षे हद्दपार झाली आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. या ठरावाबद्दलचा खेद त्याच परिषदेच्या परंपरेतील व्हँकुव्हरच्या अधिवेशनात व्यक्त झाला, तो २०१० मध्ये. ताईच्या मांडीखाली दाबलेल्या हातांचा मिलानशी संबंध आहे, हे मला या आवारात उभे राहीपर्यंत कधी जाणवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मेट्रोच्या एक क्रमांकाच्या मार्गावर अगदी शेवटच्या स्थानकापर्यंत, व्हँसेनला गेलो. खंदकाने वेढलेला हा राजेशाही किल्ला पाहायला लोक येतात ते त्याच्या उंच बालेकिल्ल्यासाठी. आम्हाला ओढ होती ती प्रवेशद्वाराच्या बुरुजाची, कारण ‘इंटरनॅशनल व्हिज्युअल थिएटर’ ही नाट्यसंस्था सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या किल्ल्यातच सुरू झाली. आल्फ्रेडो कोर्राडो हे अमेरिकी कर्णबधिर कलावंत आणि जाँ ग्रेमियों हे फ्रेंच दिग्दर्शक तिचे संस्थापक. क्लेर्क समुद्रापार घेऊन गेले होते ती ठेव, दीडशेहून अधिक वर्षांनी, एका अमेरिकी कर्णबधिर माणसाच्या हातांतून अशी परत आली. इथे नाटके बसवली जात आणि त्याच खोल्यांमध्ये फ्रेंच सांकेतिक भाषेचे वर्गही चालत. शाळेने नाकारलेल्या भाषेला रंगभूमीने घर दिले, हे वाक्य मी पूर्वी कोणाच्या भाषणात ऐकले असते तर अलंकारिक म्हणून सोडून दिले असते. त्या बुरुजाखाली मात्र त्याचा शब्दशः अर्थ कळला.

एमान्युएलचा जन्म १९७१ चा. प्रसिद्ध शास्त्रज्ञ आँरी लाबोरी हे तिचे आजोबा. सात वर्षांची होईपर्यंत तिच्याकडे पूर्ण अशी भाषा नव्हती. आईशी घरगुती हातवारे होते, वाचाप्रशिक्षणाचे तास होते, आणि काल, उद्या, मी, तू यांचा अर्थ लागत नव्हता. तिच्या वडिलांनी कोर्राडोंविषयीचा एक कार्यक्रम रेडिओवर ऐकला आणि ते तिला व्हँसेनला घेऊन आले. ताईने मला हा प्रसंग कितीतरी वेळा सांगितला आहे. त्या वयापर्यंत एमान्युएलने एकही प्रौढ कर्णबधिर माणूस पाहिला नव्हता, त्यामुळे आपल्यासारखी मुले मोठी होतच नाहीत, मोठी होण्याआधीच मरतात, अशी तिची समजूत होती. कोर्राडोंच्या कानात यंत्र नव्हते, ते हातांनी बोलत होते, आणि ते मोठे होते. त्या दिवशी तिला आपणही मोठे होणार हे समजले. ताई हे सांगते तेव्हा शेवटी स्वतःकडे बोट करते, कारण लहानपणी तिचीही नेमकी हीच समजूत होती आणि ती तिने पन्नाशीपर्यंत कोणालाही सांगितली नव्हती.

एमान्युएलला सांकेतिक भाषेत मिळालेले नाव आहे ‘हृदयातून निघणारा सूर्य’. ताईने ते बुरुजाखाली उभे राहून दोन्ही हातांनी आपल्या पद्धतीने करून पाहिले. फ्रेंच खूण तशीच आहे की नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

तिच्या आत्मचरित्राचे नाव ‘सीगलची हाक’ अशा अर्थाचे आहे. फ्रेंचमध्ये सीगलला ‘म्वेत’ म्हणतात आणि मुक्या स्त्रीला ‘म्युएत’. एका स्वराच्या फरकात सगळा गैरसमज उभा आहे. आपल्याकडे अजूनही कितीतरी शाळांच्या फलकांवर ‘मूकबधिर विद्यालय’ असे लिहिलेले असते. त्यातला ‘मूक’ हा शब्द ताईला फार लागतो आणि तो लागायलाच हवा, असे माझे मत आहे, कारण दिवसभर बोलत असलेल्या माणसाला मुके म्हणण्याचा अधिकार केवळ त्याची भाषा न समजणाऱ्यांनी स्वतःकडे घेतलेला आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पिगालला उतरून र्यू शाप्तालवर आलो. तिथून आत जाणाऱ्या, पुढे बंद होणाऱ्या फरसबंदीच्या गल्लीचे नाव सिते शाप्ताल. गल्लीच्या टोकाशी जी इमारत आहे ती मुळात प्रार्थनामंदिर होती. १८९७ पासून १९६२ पर्यंत तिथे ग्राँ गिन्योल हे भयनाट्यांसाठी प्रसिद्ध असलेले नाट्यगृह चालले. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांसाठी नावाजलेली ही वास्तू २००७ मध्ये इंटरनॅशनल व्हिज्युअल थिएटरचे घर म्हणून उघडली, आणि तिच्या संचालिका होत्या एमान्युएल लाबोरी. सात वर्षांची असताना जिथे तिला भाषा मिळाली, त्या संस्थेची जबाबदारी तिने स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.

तत्पूर्वी १९९३ मध्ये ‘लेझाँफाँ द्यु सिलाँस’ (‘मौनाची मुले’) या नाटकातील सारा या कर्णबधिर तरुणीच्या भूमिकेसाठी तिला फ्रेंच रंगभूमीचा मोलिएर पुरस्कार मिळाला होता. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कर्णबधिर कलावंत. मूळ अमेरिकी नाटक मार्क मेडॉफ यांनी फिलिस फ्रेलिक या कर्णबधिर अभिनेत्रीसाठी लिहिले होते आणि त्यातल्या भूमिकेबद्दल फ्रेलिक यांना १९८० मध्ये अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला होता. बोलायला शिकण्याचे नाकारणारी सारा एमान्युएलने साकारली तेव्हा फ्रान्समध्ये कर्णबधिर मुलांना सांकेतिक भाषेतून शिकण्याचा पर्याय देणारा कायदा होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि तिच्या भाषेला भाषा म्हणून कायद्याची मान्यता मिळायला २००५ उजाडावे लागले. पुरस्काराच्या मानापेक्षा मला त्याची वेळ महत्त्वाची वाटते. कायद्याच्या कलमांनी जे लोकांना पटत नव्हते, ते रंगमंचावरच्या एका मुलीच्या हातांनी घराघरांत पोहोचवले.

त्या संध्याकाळचा प्रयोग लहानसा होता, दोन कलावंतांचा, त्यातली एक ऐकू येणारी. नाट्यगृहही लहान आहे आणि ते तसे असणेच योग्य आहे, कारण इथे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही बोटांची हालचाल आणि भुवयांची ठेवण स्पष्ट दिसावी लागते. सांकेतिक भाषेतला प्रश्न भुवयांवर असतो आणि नकार चेहऱ्यावर. प्रकाशयोजना करणाऱ्याला अंधाराचा वापर जपून करावा लागतो, कारण दिवा गेला की संवादही जातो. भारतीय आणि फ्रेंच सांकेतिक भाषा वेगळ्या आहेत, तरीही ताईला माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळत होते. एरवी लग्नकार्यात मी तिला बाजूला बसून सांगत असते, कोण काय म्हणाले ते. इथे ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, नजर रंगमंचावरून न हलवता, दुसऱ्या हाताने मला सांगत होती. प्रयोग संपल्यावर सगळ्या सभागृहाने टाळ्यांऐवजी हात वर करून हवेत हलवले. ताईचे हात सर्वांत शेवटी खाली आले.

बाहेर दालनात संस्थेने काढलेले सांकेतिक भाषेचे कोश मांडले होते. मी पाने चाळत असताना ताईने पलीकडे उभ्या असलेल्या दोन कर्णबधिर बायकांशी बोलणे सुरू केले होते. आधी हळूहळू, चुकतमाकत, एकमेकींच्या खुणा करून पाहत, आणि मग इतक्या वेगाने, की मला त्यातले काहीच कळेना. एकदा तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबल्याची खूण केली. त्या दोघींनी माना हलवल्या आणि त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी आपले हात पाठीमागे बांधून दाखवले. दालनातले दिवे एक एक करून मालवायला सुरुवात झाली, तेव्हा त्या तिघी बोलता बोलता अजून चालू असलेल्या दिव्याखाली सरकल्या.