उद्याचा सुपर बोल : माझा कौल ईगल्सलाच

उद्या, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या विजेतेपदाच्या सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, फिलाडेल्फिया ईगल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स पुन्हा आमनेसामने येत आहेत. आज दुपारी मी मुद्दाम २०२३ चा त्यांचा अंतिम सामना पुन्हा पाहिला. आपल्या ईगल्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जेलन हर्ट्स याच्या हातून सुटलेला चेंडू चीफ्सच्या निक बोल्टनने उचलला आणि थेट टचडाउन केला (चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडली), तो क्षण आजही जिव्हारी लागतो. पण ३८-३५ अशा त्या पराभवाचे खरे कारण मला वेगळे वाटते: त्या मोसमात ७० सॅक करणाऱ्या (म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणाऱ्या) आपल्या बचावफळीला त्या रात्री चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला एकदाही पाडता आले नाही.

यंदा चित्र निराळे आहे. चीफ्सने मूळच्या गार्ड (क्वार्टरबॅकपुढच्या रक्षणफळीत आतल्या बाजूचा खेळाडू) असलेल्या जो टूनीला डाव्या टॅकलच्या (त्या फळीच्या डाव्या टोकाच्या) जागी उभे केले आहे, आणि आपले बचाव-प्रशिक्षक विक फॅन्जिओ यांची बचावफळी फक्त चार जणांनी दबाव आणून उरलेल्या सात जणांना पासचे मार्ग रोखायला मागे ठेवते. आपल्या जेलन कार्टरने त्यांची मधली फळी फोडली, तर महोम्सला विचार करायला उसंतच मिळणार नाही.

शिवाय साखळी मोसमात चेंडू घेऊन २,००५ यार्ड धावलेला सेकवॉन बार्कली आता आपल्याकडे आहे, आणि उद्या त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस! सलग तीन सुपर बोल आजवर कोणत्याही संघाला जिंकता आलेले नाहीत, आणि गेले दोन जिंकलेल्या चीफ्सनाही ते साधणार नाही, असे मला मनापासून वाटते. माझा अंदाज : ईगल्स २७, चीफ्स २०.