आपणच फळी

लाट अंगावर घेणं वेगळं आणि लाटेवर अंग टाकणं वेगळं. पहिलं कुणालाही जमतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, लाट दिसली की ‘आली, आली’ असं ओरडायचं, ऐन वेळी पाठ फिरवायची आणि ती पाठीत धपकन बसली की हसायचं. आयुष्याची सदतीस वर्षं मी समुद्रात एवढंच करत आलो होतो. यापलीकडे समुद्राचं काही करता येतं, हे मनातही आलं नव्हतं.

मग एके दिवशी माझ्या शेजारी एक मुलगा उभा होता. असेल अकरा-बारा वर्षांचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. तीन लाटा त्यानं नुसत्या पाहून सोडून दिल्या. चौथीला वळला, दोन हात मारले आणि नाहीसा झाला. मी शोधतोय, तर हा पार वीसेक पावलांवर फेसातून उठतोय आणि चड्डीची नाडी सावरतोय. हातात फळी नाही, पायात काही नाही. परत आल्यावर मी विचारलं, “कसं केलंस रे?”

“काही करायचं नसतं काका,” तो म्हणाला. “कडक व्हायचं.”

एवढं बोलून तो पुढच्या लाटेवरून निघूनही गेला. त्या दोन शब्दांवर मी आज सहा वर्षं मेहनत घेतोय.

या प्रकाराला बॉडीसर्फिंग म्हणतात, हे नंतर कळलं. हवाई बेटांवरच्या भाषेत तर फळीवरून लाट घेण्याला ‘हेए नालू’ आणि नुसत्या अंगानं घेण्याला ‘काहा नालू’ असे दोन वेगळे शब्द आहेत. नालू म्हणजे लाट. माझ्याकडे तेव्हा एकच शब्द होता, गटांगळी. आणि पहिल्या महिन्याला तो पुरून उरला.

सुरुवातीला मी जे सगळे करतात तेच केलं. लाट मागे आली की जिवाच्या आकांतानं पोहायला लागलो. लाट खालून निघून जायची, मी तिथल्या तिथे हातपाय झाडत राहायचो. यात माझ्या वजनाचा दोष आहे असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पण हिशेब मांडला तेव्हा जरा बरं वाटलं. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. छातीइतक्या पाण्यात ती ताशी तेरा-चौदा किलोमीटरनं तरी पळते. पन्नास मीटरचं अंतर एकवीस सेकंदांच्या आसपास कापणाऱ्या जगज्जेत्या पोहणाऱ्याचा वेग होतो ताशी साडेआठ. म्हणजे लाटेशी शर्यत लावली तर तोही हरणार. मग माझी काय कथा!

लाटेला गाठायचं नसतंच मुळी. तिच्या उतारावरून घसरायचं असतं. घसरगुंडीवरून खाली येताना आपण कुठे पळतो? फक्त इथे घसरगुंडीच पुढे पुढे सरकत असते, त्यामुळे उतार संपत नाही. तुम्ही सतत पडत असता आणि पडण्याची जागा सतत पुढे जात असते. दोन-चार हात मारायचे ते केवळ लाटेनं आपल्याला टाकून जाऊ नये म्हणून. धावत्या बसचा दांडा धरताना चार पावलं बसबरोबर धावावं लागतं, तेवढंच.

पण हा उतार मिळतो कुठे? भर समुद्रात लाट म्हणजे पाण्यातून जाणारी नुसती एक हालचाल. पाणी गोल फिरून जवळजवळ होतं तिथेच येतं. तिथे तरंगणाऱ्याला लाट वर उचलते, खाली ठेवते आणि निघून जाते. किनाऱ्याकडे तळ वर येऊ लागला की लाट हळू होते, आखूड होते, उंच होते. मग एका जागी तिचा माथा पायांपेक्षा पुढे जातो आणि ती कोसळते. ढोबळ नियम असा, की लाटेच्या उंचीच्या सव्वापट ते दीडपट खोलीत ती फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट बरोबर आपल्या छातीइतक्या पाण्यात. निसर्गानं ही सोय जणू उभ्या माणसाचं माप घेऊनच केली आहे.

फळीवाल्यांना या जागेची एवढी गरज नसते. फळी तरंगते, पाण्यावरून सपाट घसरते, म्हणून लाट नुसती फुगलेली असतानाही ते निघू शकतात. माणसाचं अंग मात्र जवळजवळ सगळं पाण्याखाली. त्यात गुडघे, ढोपरं, पोट अशी पाणी अडवणारी नाना ठिकाणं. या ऐवजाला पळवायचं तर उतार उभाच हवा आणि तो लाट फुटायच्या क्षणीच असतो. एक हात आधी निघालात तर लाट उचलून पुढे आपटते. एक हात उशीर झाला तर ती निघून जाते आणि मागे फेस राहतो. मधली जी फट असते ती मी मोजलेली नाही, पण सर्दी झालेल्या माणसाला शिंक येणार की नाही हे कळायला जेवढा वेळ लागतो, तेवढी असावी.

आणि ती फट सापडली, तर?

आधी पाय वर जातात. आपण काही न करता पाय मागून उचलले जातात आणि डोकं खाली झुकतं. कुणीतरी घोट्यांना धरून आपल्याला तिरकं करावं तसं. भीती वाटते, आणि शरीर जन्मजात शहाणपणानं गोळा व्हायला बघतं. इथेच त्या मुलाचे दोन शब्द. गोळा झालात की संपलं. गोटा पाण्यात घसरत नाही, बुडतो. एक हात पुढे ताणायचा, तळवा पालथा. दुसरा मांडीला चिकटलेला. पाय जुळलेले, पोट आत, छाती किंचित पुढे, मान ताठ. बोटांच्या टोकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एक फळी. मग पुढे ताणलेल्या तळव्याखालून पाणी थरथरत मागे जायला लागतं, छातीखाली गुदगुल्या होतात, कानात एक मोठा सळसळाट भरतो आणि आपण चालतो आहोत. आपण काहीही करत नाही आणि चालतो आहोत. सरळ किनाऱ्याकडे न जाता, ज्या बाजूला लाट अजून फुटायची आहे तिकडे खांदा दाबून तिरकं गेलं, तर तो गुळगुळीत हिरवट उतार अजून थोडा पुरतो. थोडा म्हणजे किती? पाच सेकंद. माझा आजवरचा विक्रम आठ, आणि तोही मीच मनातल्या मनात मोजलेला.

त्या पाच सेकंदांत डोक्यात काहीही नसतं. हे मी कौतुकानं सांगत नाही, जागाच नसते म्हणून सांगतो. एरवी शवासनातही माझ्या डोक्यात विजेचं बिल भरायचं राहिलेलं असतं.

या पाच सेकंदांसाठी जी हमाली करावी लागते, तिच्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. परत जायचं म्हणजे येणाऱ्या प्रत्येक लाटेतून जायचं. उड्या मारत गेलात तर दहा मिनिटांत दम संपतो. लाट अंगावर यायच्या आत तळाशी बुडी मारायची, वाळूत बोटं रुतवून पडून राहायचं आणि ती डोक्यावरून गडगडत गेली की वर यायचं. वर आलात की पुढची हजर. घनमीटरभर समुद्राचं पाणी हजार किलोच्या वर भरतं, आणि लाटेत असे किती घनमीटर आहेत हे तिथे उभं राहून मोजू नये. तासाभरात खांदे भरून येतात. मान दुखते, कारण पोहताना ती सारखी मागे वळून लाट बघत असते. कंबर दुखते, कारण फळी व्हायची तिला सवय नाही. पाणी हवेच्या कितीतरी पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं, तेव्हा उन्हाळ्यातही हात सुन्न होऊन ‘चला’ म्हणायची वेळ येते. छातीला वाळूचा कागद लागतो. चड्डीचं तर विचारूच नका. नाडीची दुहेरी गाठ हे या खेळातलं पहिलं संरक्षक साधन आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं साधन म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, फिन्स. फ्रेंच नौदलातल्या लुई द कॉर्लिए यांच्या कल्पनेवरून ओवेन चर्चिल यांनी ते अमेरिकेत 1940च्या सुमारास बाजारात आणले. हे चर्चिल 1932च्या ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेले गृहस्थ. खोल पाण्यात, जिथे तळाला पाय टेकून उसळी मारता येत नाही, तिथे हे पंख हवेतच. मी घेतले. पहिल्याच दिवशी दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले आणि माझं वाळूवर जे झालं त्याला चालणं म्हणता येणार नाही. काहीजण पुढच्या हाताच्या तळव्याला एक छोटी लाकडी पट्टी बांधतात, पाण्याला टेकायला. पट्टी नसेल तर काही बहाद्दर हातात चप्पल घालतात. मीही घालून पाहिली. उपयोग होतो, खरंच होतो. पण चप्पल उगारून समुद्रावर धावून गेल्यासारखं दिसतं.

खरी शिक्षा चुकलेल्या लाटेची. तळ एकदम वर चढत असेल तर लाट ओघळत नाही, वळून दणकन पडते, आणि तिच्या माथ्यावर आपण असलो तर तिच्याबरोबर खाली. मग कपडे धुवायच्या यंत्रात टाकल्यासारखं होतं. वर कुठे, खाली कुठे, कळत नाही. धडपडावं तर फेसात हवा इतकी मिसळलेली असते, की हात मारला तरी तो पोकळच जातो. तेव्हा दोन्ही हातांनी डोकं धरायचं आणि थांबायचं. लाट सोडते. प्रत्येक वेळी सोडते. पण ‘आता सोडेल’ असं वाटल्यानंतर साधारण दोन सेकंदांनी.

यातलं डोकं धरणं विनोदाचं नाही. अगदी किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात आपटणारी लाट माणसाला डोक्यावर वाळूत रोवते आणि त्यात माना मोडतात. हवाईतल्या ओआहू बेटावरचा सँडी बीच या दुखापतींसाठी कुप्रसिद्ध आहे. 2008च्या ऑगस्टमध्ये निवडणुकीच्या धामधुमीतून सुट्टी काढून बराक ओबामा तिथेच लाटा घेत होते. त्या वेळी त्यांच्या सुरक्षारक्षकांचं काय झालं असेल, हा विचार मला अधूनमधून येतो. आणि दुसरं भय परतीच्या प्रवाहाचं. किनाऱ्यावर साठलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून आत परत धावतं. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं. दमला असाल तर तरंगत राहून हात वर करायचा. एकदा मी सापडलो होतो. सगळं पाठ होतं, तरी पहिला अर्धा मिनिट मी किनाऱ्याकडेच हात मारत होतो.

कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला ‘वेज’ नावाची जागा आहे. बंदराच्या दगडी बांधावर आपटून परतलेली लाट मागून येणाऱ्या लाटेत मिसळते आणि दोघींची मिळून एक पाचर उभी राहते, मोठ्या उधाणात दुमजली घराएवढी. मे ते ऑक्टोबर, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, तिथे फळी आणायला मनाई आहे. तो वेळ नुसत्या अंगाच्या माणसांचा. मी तिथे गेलेलो नाही आणि गेलो तर काठावर बसेन, पण अशी एक पाटी जगात कुठेतरी लागली आहे, याचा मला फार आनंद आहे.

लाट येते तरी कुठून? 1963 साली वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञानं दक्षिण महासागरातल्या वादळांत जन्मलेल्या लाटांचा माग थेट अलास्कापर्यंत काढला. दहा हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास आणि तो आठवड्याहून जास्त चालला. हे वाचल्यापासून चुकलेल्या लाटेबद्दल मला जास्तच वाईट वाटतं. बिचारी इतक्या लांबून आली, आणि मी अर्ध्या सेकंदानं चुकलो.

बायकोला हे सगळं पटत नाही. ती वाळूवर बसून असते. तिच्या मते मी दीड तास पाण्यात असतो, त्यातला सव्वा तास नुसता उभा असतो आणि क्षितिजाकडे असा बघत असतो की कुणाची तरी बोट यायची आहे. खरं आहे. लाटा झुंडीनं येतात, चार-सहा मोठ्या आणि मग बराच वेळ किरकोळ. सातवी लाट मोठी असते म्हणतात. मी मोजून पाहिलं, समुद्राला आकडे येत नाहीत. मग उभंच राहावं लागतं. ते उभं राहणंही मला आता आवडू लागलं आहे, पण हे तिला सांगितलेलं नाही.

आणि नाकातलं पाणी. ते समुद्रात असताना येत नाही. कपाळामागच्या कुठल्याशा कोनाड्यात दबा धरून बसतं. परवा सोमवारी ऑफिसात मीटिंग होती. रविवार चांगला गेला होता, दोन लाटा तर तिरक्या मिळाल्या होत्या. साहेब गंभीर चेहऱ्यानं तिमाहीचे आकडे वाचत होते, मी खाली पडलेलं पेन उचलायला वाकलो, आणि वर येतो तोच नाकातून खाऱ्या पाण्याची धार सरळ समोरच्या अहवालावर. शेजारच्या बाईंनी घाईघाईनं रुमाल पुढे केला.

“सर्दी का?” त्या हळूच म्हणाल्या.

“हो,” मी म्हणालो आणि तो ओला कागद उलटा करून ठेवला.