तुम्ही विचारलंत म्हणून: आजी मदत मागून मागे का फिरतात?

"आजी स्वतःहून फोन करतात, घरातला त्रास सगळा सांगतात आणि आठवड्याभरात म्हणतात, 'आता ठीक आहे हो.' असं का?" सोसायटीचे सचिव विचारतात, नवे कार्यकर्तेही.

बहुतेकदा चूक आपल्याच उलट फोनमध्ये असते. 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर असो की ज्येष्ठांना मदत करणाऱ्या आपल्या संस्थेत, आजींनी दिलेला नंबर पुष्कळदा मुलाचा निघतो. फोन सून उचलते, आपण संस्थेचं नाव सांगतो. तक्रार दुपारी फुटते आणि रात्र त्याच घरात काढायची असते. आपल्या नोंदवहीत मात्र "प्रकरण मिटले" असा शेरा. म्हणून पहिल्याच बोलण्यात विचारून घ्यावं: फोन किती वाजता करू? दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू? पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्याचं निमित्त चालतं, नाहीतर भजनी मंडळाचं. निमित्त आजींनीच ठरवलेलं बरं.

दुसरं, त्यांचं मागणं लहान असतं: वेळेवर जेवण, गोळ्या, पासबुक आपल्या हातात. आपण पुढे करतो 2007 चा आई-वडील व ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा. मग एकच प्रश्न येतो, "पोराला आत टाकतील का?" इथे गुळमुळीत बोलू नये. निर्वाहाचा, म्हणजे मुलांकडून खर्चाला पैसे मिळावेत असा अर्ज म्हणजे फौजदारी खटला नव्हे. आधी समेटही होऊ शकतो. पण आदेश होऊनही मुलानं पैसे दिले नाहीत, तर महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. हे नंतर कळलं की विश्वास उडतो.

या अर्जाच्या निकालाची मुदत 90 दिवस, अपवाद म्हणून आणखी 30. तीही नोटीस बजावल्यापासून मोजायची. तोवर दूध-औषधाचं काय? अंतरिम भत्त्याची तरतूद आहे, पण अर्जात ती मागणी लिहायचीच राहून जाते. घर मुलाला बक्षीसपत्रानं दिलं असेल, तर त्यात सांभाळाची अट आहे का हे आधी वाचा. "घर परत मिळेल" असं आधी सांगून नंतर "अट नाही, अवघड आहे" म्हटलं, तर आजी पुन्हा यायच्या नाहीत. (सुनावणीच्या कार्यालयात स्वच्छतागृह कुठे आहे तेही आधी पाहून ठेवा. त्या धास्तीनं सकाळपासून पाणी न पिता येणारे असतात.)

अर्ज मागे घेतला तरी फाइल बंद करू नये. महिन्याभरानं, ठरलेल्या वेळी एक फोन करावा आणि फक्त गुडघ्याची चौकशी करावी.