अकरा महिने आणि चवथ

आमच्या स्वयंपाकघरात दारामागे कॅलेंडर लटकतं, त्याच्यावर गॅस सिलिंडरची तारीख, वीजबिल आणि माझी पाळी, सगळ्याची नोंद. पाळीला फक्त पेन्सिलीची बारीक फुली, पोरांना कळू नये म्हणून. या फुल्यांवरूनच मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी बिघडलंय, २८ दिवसांचे २१ झाले, मग एकदम ५०, मग पंधरवड्यात परत. तेव्हा मी ४५ ची.

फोंडा तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता छातीपासून वर गरम वाफ चढल्यासारखं व्हायचं, मान, कान लाल, ब्लाउज ओला, आणि पाच मिनिटांनी उलट थंडी वाजायची. आता गोव्यात घाम येणं ही काय बातमी आहे? त्यामुळे सहा-सात महिने मी उकाड्यालाच शिव्या घालत बसले. जानेवारीत पहाटे पंखा बंद असताना उशी भिजली तेव्हा म्हटलं हे काही हवेचं नाही.

रात्री छाती धडधडायची म्हणून आधी हार्टच्या डॉक्टरकडे गेले. ईसीजी नॉर्मल, बीपी नॉर्मल, टेन्शन घेऊ नका म्हणाले. मग पाळीत इतकं जायला लागलं की शाळेत दर तासाला बाथरूम, गडद रंगाच्याच साड्या. एका दवाखान्यात दाखवलं तर पाच मिनिटांत निकाल, "मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका, कटकटच नको." जणू जुना फ्रीज. मी घरी येऊन रडले, आणि खरं सांगते, काढूनच टाकावी असंही एकदा वाटलं.

शेवटी शाळेतल्या एका बाईंनी पणजीच्या एका डॉक्टर मॅडमचं नाव दिलं. मी कॅलेंडरची पानंच फाडून पर्समध्ये घालून नेली होती, त्यांनी ती टेबलावर पसरून नीट बघितली. म्हणाल्या या वयात अंडं दर महिन्याला सुटत नाही, सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आतलं अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम धो धो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी केली. एफएसएच ही हार्मोनची रक्ततपासणी सांगितलीच नाही, कारण ४५ नंतर ती आज एक दाखवते नि पुढच्या आठवड्यात भलतंच. पण ४५ नंतर असं रक्त जात असेल तर अस्तराची बायोप्सी केल्याशिवाय सोडायचं नाही म्हणाल्या. दवाखान्यातच केली, बारीक नळी घालून, दोन मिनिटं जोराची कळ. रिपोर्ट येईपर्यंत मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. क्लीन आला. हिमोग्लोबिन मात्र ८.९, म्हणजे मी जिने चढताना धापा टाकत होते ते वयामुळे नव्हतं! लोहाच्या गोळ्या आणि त्या दिवसांपुरती रक्त कमी करणारी गोळी, एवढ्यावर पिशवी वाचली.

मॅडमनी एक नियम सांगितला, सलग १२ महिने पाळी आली नाही तरच मेनोपॉज म्हणायचं, मधे आली की मोजणी पहिल्यापासून. झालं, मी मोजायला लागले. एक, दोन, पाच, आठ. अकरावा महिना लागला तेव्हा कपाटातली पॅडची पाकिटं भाचीला देऊन टाकली.

आणि तयेच्या, म्हणजे हरतालिकेच्या दिवशी सकाळी आली. दुसऱ्या दिवशी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, मूळ घरात पंचवीस माणसं, माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला) बांधायचे आंबाडे, कांगलां, सुपारीचे घोस ओसरीवर पसरलेले, नेवऱ्यांचं सारण मी भाजायचं होतं. सासूबाईंना सांगितलं तर कपाळावर हात, "गे बाय, तुजें सोंपलेलें न्हय?" मग काय, आमच्याकडे अजून पाळतात, मी माडीवरच्या खोलीत, खालून हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा वास येतोय आणि मी पंख्याखाली बसून पुन्हा शून्य. एका जावेने ताट वर आणून दिलं, म्हणाली, "वहिनी, तुमची मजा आहे, बसून खा." तिला काय बोलणार.

दुसऱ्या खेपेला बारा पुरे झाले, ४९ व्या वर्षी. वाटलं सुटले, तर वाफा वाढल्या. रात्री चार-पाच वेळा उठायचं, शिवाय खालचा कोरडेपणा, लघवीला जळजळ, जवळ येणं नको वाटायचं (हे कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय). मॅडम म्हणाल्या, इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतला थर्मोस्टॅट हळवा होतो, अंगात जराशी ऊब वाढली तरी तो घाम फोडतो. हार्मोन घ्यायचे का विचारलं तर मी दचकले, कॅन्सर होतो ना? तेव्हा त्यांनी २००२ सालचा अमेरिकेतला हार्मोन उपचारांवरचा मोठा अभ्यास समजावला, त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३, आणि दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत ब्रेस्ट कॅन्सर १०,००० बायकांमागे वर्षाला ३० च्या जागी ३८. धोका नाही असं नाही, पण किती ते आकड्यात कळलं. घरात कोणाला ब्रेस्ट कॅन्सर, पायात गुठळी, स्ट्रोक असं सगळं विचारून, मॅमोग्राफी करून मग हाताला लावायची जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉन. पिशवी आहे तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, अस्तर वाढतं. महिन्याभरात झोप लागायला लागली.

या सगळ्यात आमचे हे. ५४ चे, सरकारी नोकरी, संध्याकाळी सोफ्यावरच झोप, कशातच रस नाही, काही विचारलं की खेकसणं. मला वाटायचं माझ्यामुळे. तर एक दिवस स्कूटरच्या डिकीत ऑनलाइन मागवलेल्या 'ताकदीच्या' गोळ्यांचं पाकीट मिळालं. भांडले नाही, उलट हसू आलं, दोघंही आपापलं लपवत बसलोय. फॅमिली डॉक्टरनी सकाळी आठला, उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन काढायला सांगितलं, कारण ते सकाळी जास्त असतं. पहिला रिपोर्ट किंचित कमी, महिन्याने परत केला तर नॉर्मल. पुरुषांचं बायकांसारखं एका झटक्यात बंद होत नाही, चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का उतरतं. खरी भानगड शुगरची होती, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ७.८, आणि पोट. गोळ्या कचऱ्यात, रोज पाऊण तास चालणं सुरू. खेकसणं निम्म्यावर आलंय असं मी म्हणते, त्यांना मान्य नाही.

आता माझं हाडांचं स्कॅन व्हायचंय, ते सुट्टीत. आणि आता एक थेंब जरी रक्त दिसलं तरी लगेच यायचं, चवथ असो नाहीतर लग्न, अशी मॅडमची ताकीद आहे. कॅलेंडरवर माझ्या फुल्या संपल्या. त्या जागी हे आपली उपाशीपोटीची शुगर लिहितात, लाल मार्करने, इतकी मोठी की दूध घालायला येणाराही दारातून वाचून म्हणतो, "आज वाढलां मगो."