पिवळ्या रंगाच्या मागावर: ॲरिझोनातल्या फुकट मुक्कामांची नोंदवही

व्हॅनवाल्या मंडळींना नमस्कार. या हिवाळ्यात एकच गोष्ट जमवायची ठरवलं होतं. दुसऱ्यानं ॲपवर टाकलेल्या पिनवर जाऊन उभं राहायचं नाही, मुक्कामाची जागा आपली आपण शोधायची. इलाखा आमचा नेहमीचाच: फिनिक्सहून आय-१० धरून पश्चिमेला क्वार्टझसाइटपर्यंत. गाडीही तीच, प्रोमास्टर, फ्रंट व्हील ड्राइव्ह, जमिनीपासून फारशी उंच नाही. नवरा चालवतो, नकाशा माझ्याकडे.

पिनांवर राग नाही. पहिल्या मोसमात त्यांच्याच जिवावर फिरलो. पण ज्या पिनला भरपूर तारे, तिथे संध्याकाळी चारनंतर पोचलात तर समजा मंगल कार्यालयाच्या आवारातच गाडी लावली. आणि त्याच कच्च्या रस्त्यावर अर्धा मैल पुढे तितकीच चांगली, तितकीच कायदेशीर जागा रिकामी पडलेली असते. तिच्यावर पिन नाही म्हणून तिकडे कोणी वळत नाही. बीएलएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या, जमिनीवर मुक्कामाची मुभा असते ती सगळ्या पट्ट्याला, पाटी लावून बंद केलेला भाग सोडून. एका ठिपक्याला नसते.

नोव्हेंबर: रंग

बीएलएम, म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, १९४६ साली दोन जुनी खाती एकत्र करून झालं. आज त्यांच्याकडे साडेचोवीस कोटी एकरांच्या आसपास जमीन आहे, देशात दर दहा एकरांमागे एक. ती नकाशावर पिवळी दिसते. नॅशनल फॉरेस्ट हिरवं, खाजगी पांढरं, आणि फिकट निळी म्हणजे राज्याची ट्रस्ट लँड. गाया किंवा ऑनएक्स या नकाशांच्या ॲपवर जमीनमालकीचा थर चालू केला की हे रंग येतात. सिग्नल जायच्या आधी तो भाग फोनवर उतरवून ठेवायचा.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो निळ्यानं. पिवळ्याच्या मधोमध एकेक मैलाचे निळे चौकोन का, हे आधी उमगेना. ॲरिझोना राज्य झालं १९१२ साली. त्याआधी १९१० च्या कायद्यानं दर टाउनशिपमधल्या (जमीनमोजणीचा सहा बाय सहा मैलांचा गट) ३६ चौकोनांपैकी चार, म्हणजे २, १६, ३२ आणि ३६ क्रमांकाचे, राज्याला शाळांच्या उत्पन्नासाठी देऊन टाकले. ती ट्रस्टची मालमत्ता आहे, सार्वजनिक जमीन नाही. तिथे राहायचं तर राज्याच्या भूमी खात्याकडून पैसे भरून परवाना काढावा लागतो. प्रत्यक्ष जागेवर पिवळ्या-निळ्याच्या सीमेवर कुंपण असेलच असं नाही, तीच झुडपं आणि तीच खडी. ही सीमा फोनवर जीपीएसच्या निळ्या टिंबाकडे बघूनच कळते. टोनोपाहजवळच्या सॅडल माउंटनला हा सराव चांगला होतो. फिनिक्सहून तासाभरावर आहे, आणि डोंगराच्या पायथ्याचा बराच भाग पिवळा आहे.

डिसेंबर: वरून बघणं

रंग कळला की उपग्रहाचं चित्र. आता मी जागा अशा शोधते. मुख्य कच्च्या रस्त्यावरून बारीक फिकट रेघ फुटते का बघायचं, मग ती रेघ जिथे संपते तिथे फिकट गोलाकार ठिगळ आहे का बघायचं. ठिगळ असेल तर तिथे पूर्वी गाड्या उभ्या राहिल्यात आणि वळल्यात. मध्ये काळा ठिपका असला तर ती दगडांच्या शेगडीची राख. रेघ नुसतीच पातळ होत जाऊन विरली, तर ती दुचाकीची किंवा जनावरांची वाट. आपल्या कामाची नाही.

झाडांच्या हिरव्या रेषा मात्र टाळायच्या. पालो व्हर्दे आणि आयर्नवूड रांगेत उभी दिसली की खाली वॉश आहे, कोरडा ओढा. सावली तिथेच असते, वाळू मऊ असते, मोह होतो. पण पाऊस वीस मैलांवरच्या डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो, तुमच्या डोक्यावर चांदणं असताना. शिवाय ती मऊ वाळू फ्रंट व्हील ड्राइव्हचा काळ.

ठिगळ शोधण्यामागे गाडीच्या सोयीपलीकडेही कारण आहे. इथल्या सपाट माळावर काळपट चकाकणाऱ्या खड्यांचा एकसंध थर असतो, डेझर्ट पेव्हमेंट म्हणतात तो. त्यावरून एकदा चाक गेलं की वण जन्मभर राहतो. जनरल पॅटननं १९४२ मध्ये सुरू केलेल्या तळावर सैन्यानं या वाळवंटात रणगाड्यांचा सराव केला, त्या पट्ट्यांच्या खुणा काही ठिकाणी अजून दिसतात. म्हणून नवी जागा म्हणजे आपल्यासाठी नवी. कोणीतरी आधीच उभं राहिलेली.

मग शेवटचा टप्पा पायी. हे आता घरात कायमचं ठरलंय. फाट्यावर गाडी थांबते, "अगं, दिसतोय की रस्ता," असं ड्रायव्हर म्हणतो आणि मी काठी घेऊन उतरते. बघायच्या गोष्टी थोड्याच: टोकाला वळायला जागा आहे का, मध्ये उंचवटा किती, वाळूत टाच किती रुतते. पायी जाताना खिशात जाड दातांचा कंगवा ठेवा. चोया या निवडुंगाचं काटेरी बोंड पायाला चिकटलं तर हातानं काढायला जाऊ नका, ते बोटात घुसतं. कंगव्यानं उडवायचं.

जानेवारी: क्वार्टझसाइट

जानेवारी-फेब्रुवारीत या एवढ्याशा गावाभोवती आरव्हींचं, म्हणजे राहायच्या मोठ्या गाड्यांचं, शहरच वसतं, दगड-रत्नांचे बाजार भरतात. गर्दी नको म्हणून लोक नाकं मुरडतात, मला मात्र एकदा बघण्यासारखं वाटलं. गावच्या दफनभूमीत हाय जॉलीचा दगडी पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. अमेरिकन लष्करानं १८५० च्या दशकात उंट आणून बघितले होते, त्यांच्याबरोबर आलेला हा हाजी अली. १९०२ साली इथेच वारला. त्याच्या नावाचा फुकट मुक्कामाचा पट्टाही गावाला लागूनच आहे.

इथे दोन प्रकार आहेत, त्यांची गल्लत करू नका. गावाच्या दक्षिणेचं ला पोसा हे दीर्घ मुक्कामाचं क्षेत्र. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल पैसे भरून राहायचं. पूर्ण मोसमाचा परवाना बरीच वर्षं १८० डॉलर होता. त्यात पाणी, कचरा आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची सोय येते. बाकी प्लोमोसा रोड, डोम रॉक रोड वगैरे पट्टे फुकट आहेत. मर्यादा २८ दिवसांत १४ दिवसांची, आणि त्यानंतर २५ मैलांच्या पलीकडे जायचं. काही पट्ट्यांत आत शिरताना होस्टकडे, म्हणजे तिथली देखरेख करणाऱ्याकडे, नोंद करावी लागते, परवान्याला पैसे नाहीत.

आम्ही प्लोमोसा रोडवर राहिलो, आणि नोव्हेंबरपासून केलेल्या गृहपाठाचं चीज इथे झालं. गावाजवळचे मोठे मोकळे माळ भरलेले, पण बाऊस गावाच्या दिशेनं पुढे गेल्यावर डांबरी रस्त्यावरून फुटणाऱ्या फाट्यांवर घरी बसून हेरलेली ठिगळं जशीच्या तशी सापडली. सगळी बरी नव्हती. एकावर खडी इतकी की पातळी जमवताना ठोकळे पुरेनात, एकावर उतार. तिसऱ्यावर तंबू ठोकला म्हणायचं. पश्चिमेचा वारा अडवायला टेकाड, सरकता दरवाजा आग्नेयेला, त्यामुळे सकाळचं ऊन थेट आत. याच रस्त्याच्या कडेला जमिनीवर खडे बाजूला सारून काढलेली, बाऊस फिशरमन नावाची जुनी आकृती आहे. तिथे थांबाच.

लाकूड गोळा करून शेकोटीच्या भानगडीत पडलो नाही. आयर्नवूड वाढायला पिढ्या जातात. गॅसची शेगडी बाहेर मांडते, फोडणीही बाहेरच, नाहीतर मोहरी गादीत सापडते. रात्री बॉनेट उघडं ठेवून खाली छोटा दिवा लावायची इथली रीत आम्हीही उचलली. रानउंदीर इंजिनात घर करून वायरी कुरतडतात. दिव्यानं उंदीर किती घाबरतात कोण जाणे, पण आजवर वायरी शाबूत आहेत.

फेब्रुवारी: कोफा

क्वार्टझसाइटहून यूएस-९५ नं १८ मैल दक्षिणेला पाम कॅन्यनचा फाटा, तिथून डोंगरापर्यंत सातेक मैल कच्चा पण आमच्या गाडीला झेपणारा रस्ता. अंगाला कंप सुटतो, कपाटं उघडतात, बाकी काही नाही. हे कोफा वन्यजीव आश्रयस्थान, १९३९ साली बिगहॉर्न मेंढ्यांसाठी राखलेलं. 'किंग ऑफ ॲरिझोना' या सोन्याच्या खाणीवरून हे नाव आलं. इथे बीएलएमचे नियम लागू नाहीत. वर्षभरात मिळून १४ दिवस, गाडी रस्त्यापासून १०० फुटांच्या आत, आणि पाणवठ्याच्या पाव मैलात मुक्काम नाही, कारण माणूस दिसला तर मेंढ्या पाण्यावर येत नाहीत. जागा शोधायची खटपट इथे उरतच नाही, रस्त्याकडेला तयार ठिगळं आहेत. रेंज मात्र जवळपास नाही. सोमवारची मीटिंग असेल तर रविवारीच निघा.

पुढचं

एप्रिलपासून हा सगळा पट्टा भट्टी होतो, मग फ्लॅगस्टाफकडे, सात हजार फुटांवर. तिथे हिरवा रंग पुरत नाही. फॉरेस्टच्या वाहनरस्त्यांच्या वेगळ्या नकाशावर ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके छापलेत, त्याच्याच कडेनं ठरावीक अंतरापर्यंत गाडी आत घेता येते. तो नकाशा आणलाय, वाचायला बसलेय. बर्फ वितळून रस्ते उघडल्यावर चिखलात कमी उंचीची व्हॅन तिकडे कोणी नेली असेल तर कळवा. विशेषतः मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात नेलीत का, आणि टायर कुठले होते?